जक्कयाचे वकीलपत्र

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेचा दिवस होता. मिस्सा आटोपली होती आणि मंदिराच्या आवारात भाविकांची वर्दळ चालू होती. गर्दीतून वाट काढीत ओळखीच्या एक मावशी माझ्याजवळ आल्या. यजमान हयात असताना दोघांनी काटकसर करून जमवलेली पुंजी त्यांनी एका पतसंस्थेत ठेवली होती. ती पतसंस्था पुढे बुडाली, संचालकांवर खटला उभा राहिला आणि ठेवीदार म्हणून मावशींना साक्षीसाठी समन्स आले. बोलता बोलता त्यांनी आवाराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या एका गृहस्थांकडे मान वळवली. ते आमच्याच धर्मग्रामातले वकील. एके काळी ते सरकारी वकील होते. अफरातफर करणाऱ्या कितीतरी प्रतिष्ठितांना त्यांनी गजाआड पाठवले होते. आज ते त्याच पतसंस्थेच्या एका संचालकाचे वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहतात.

मावशी म्हणाल्या, "सर, ज्या तोंडानं काल चोराला चोर म्हटलं, त्याच तोंडानं आज त्याला साव कसं म्हणायचं हो? आणि मग रविवारी तेच तोंड ख्रिस्तप्रसादासाठी उघडायचं?"

मला उत्तर सुचले नाही. 'प्रत्येक आरोपीला वकील मिळण्याचा हक्क आहे' हे पाठ झालेले वाक्य जिभेच्या टोकावर आले होते. परंतु ज्या बाईची आयुष्याची ठेव गेली आहे, तिच्यासमोर ते उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही. वाक्य खोटे होते म्हणून नव्हे, तर ते अपुरे होते म्हणून. प्रस्तुत लेख म्हणजे मावशींना द्यायच्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम सरकारी वकील म्हणजे कोण, हे नीट समजून घेतले पाहिजे. सर्वसामान्य माणसाच्या मनात त्याची प्रतिमा पोलिसांच्या वकिलाची असते. आरोपीला शिक्षा झाली की तो जिंकला आणि आरोपी सुटला की तो हरला, असे आपण समजतो. कायद्याची कल्पना मात्र निराळी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार, फिर्यादी पक्षातर्फे उभ्या राहणाऱ्या वकिलाने खटला अशा रीतीने चालवायचा असतो, की निरपराध माणसाला शिक्षा होऊ नये. आरोपीचे निर्दोषत्व सिद्ध करू शकेल असा पुरावा त्याने दडपता कामा नये. म्हणजेच सरकारी वकिलाचा खरा पक्षकार पोलीसही नव्हे आणि फिर्यादीही नव्हे. त्याचा पक्षकार न्याय हा आहे. त्याच नियमावलीचे बचावाच्या वकिलालाही एक सांगणे आहे. आरोपी दोषी आहे की नाही याविषयी स्वतःचे मत काहीही असो, त्याने त्याचा बचाव करावा. कारण पुरेशा पुराव्यावाचून कोणालाही शिक्षा होऊ नये, असे सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा असते. दोन्ही खुर्च्यांवर बसणाऱ्यांना एकाच गोष्टीची शपथ घातली आहे, हे येथे ध्यानात येते.

शिवाय आपल्याकडे जिल्हा सरकारी वकील हे बहुधा आयुष्यभराचे पद नसते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार किमान सात वर्षे वकिली केलेल्यांतून सत्र न्यायालयातील सरकारी वकील नेमले जात. जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ही चौकट कायम ठेवली आहे. मुदत संपली की हा माणूस पुन्हा खासगी वकिलीकडे वळतो. अमेरिकेत तर हा मार्ग राजमार्गच झाला आहे. मेरी जो व्हाइट या १९९३ ते २००२ या काळात न्यूयॉर्कमध्ये केंद्र सरकारच्या मुख्य अभियोक्त्या होत्या. त्यानंतर त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या व अधिकाऱ्यांच्या बचावाची वकिली केली आणि २०१३ मध्ये त्याच कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या रोखे आयोगाच्या अध्यक्षपदी त्यांची नेमणूक झाली. एका माणसाने तीन खुर्च्या अनुभवल्या. अनुभव समृद्ध झाला असे कोणी म्हणेल. रक्षक कोण आणि रक्षिला जाणारा कोण हेच कळेनासे झाले, असेही कोणी म्हणेल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासातही खुर्ची बदलल्याचे एक ठळक उदाहरण आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी मुंबई उच्च न्यायालयात बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो जामीन दिला. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळक पुन्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली उभे राहिले. तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते. या वेळी त्यांनी जामीन नाकारला आणि टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. मराठी मनाने दावरांना आजवर क्षमा केलेली नाही. परंतु त्यांचा दोष कोणता? खुर्ची बदलली हा? की नव्या खुर्चीवर बसल्यावर, पूर्वीच्या खुर्चीवरून स्वतःच केलेला युक्तिवाद त्यांना आठवेनासा झाला हा? मला वाटते, लोकांना खरे सलते ते दुसरे.

याच्या उलट उदाहरण आपल्या समाजातले आहे. माझगावचे बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा हे टिळकांचे स्नेही व होमरूल चळवळीतले सहकारी. १९२५ साली त्यांनी मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद भूषविले. १९१० च्या नाशिक कट खटल्यात सावरकरांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले, त्यांत बाप्टिस्टा होते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनानंतर जे वातावरण होते, त्यात अशा आरोपींचे वकीलपत्र घेणे सरकारच्या रोषाला आमंत्रण देण्यासारखे होते. अशीलाचे प्रत्येक मत त्यांना मान्य होते, असे समजण्याचे कारण नाही. परंतु आरोपीच्या बाजूने कोणीतरी उभे राहिले पाहिजे, ही जाणीव त्यांना होती. आज बाप्टिस्टांच्या त्या कृतीला आपण धैर्य म्हणतो. मग बुडीत पतसंस्थेच्या संचालकासाठी उभ्या राहिलेल्या वकिलाला आपण निलाजरा का म्हणतो? तत्त्व एकच असेल, तर एकाला हार आणि दुसऱ्याला शिव्या, हा न्याय कोणता?

येथे एक भेद केला पाहिजे. बाप्टिस्टांसमोर बलाढ्य सत्ता होती आणि त्यांचा अशील दुर्बळ होता. पांढरपेशा गुन्हेगारीत चित्र पुष्कळदा पालटलेले असते. 'पांढरपेशा गुन्हेगारी' ही संकल्पना एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली मांडली. प्रतिष्ठित माणसाने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा, असा तिचा आशय. आपल्या मराठीतला 'पांढरपेशा' हा शब्द त्याहून जुना आणि अधिक बोलका आहे. शुभ्र कपडे घालणारा, मळाचिखलात हात न घालणारा वर्ग! या वर्गातल्या गुन्ह्यात रक्त सांडत नाही, कुलूप तुटत नाही, कोणी रात्री भिंत चढून येत नाही. सहीने चोरी होते. म्हणूनच ती चोरी आहे हे पटायला समाजाला वेळ लागतो आणि सिद्ध करायला न्यायालयाला त्याहून अधिक वेळ लागतो. हजारो पानांचे हिशेब, लेखापरीक्षणाचे अहवाल, एका कंपनीतून दुसरीत गेलेल्या रकमा यांच्या जंगलात वाट काढायला कुशल वकील लागतो. कुशल वकिलाला पैसा लागतो आणि पैसा आरोपीकडे असतो. ठेवीदाराकडे उरते ते केवळ पासबुक.

देशातील तुरुंगांची स्थितीही येथे आठवावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. त्यांतल्या अनेकांपाशी जामिनाची रक्कम भरण्याचीही ऐपत नसते. मोफत विधी साहाय्याची तरतूद १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आली आणि १९८७ च्या कायद्याने त्यासाठी यंत्रणा उभारली. तरीही सायकल चोरणाऱ्याला मिळणारा वकील आणि कोटींची अफरातफर केल्याचा आरोप असलेल्याला मिळणारा वकील यांच्यात जे अंतर आहे, ते कायद्याच्या पुस्तकात नसले तरी कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहिल्यास उघड्या डोळ्यांना दिसते. 'प्रत्येकाला वकील मिळाला पाहिजे' हे वाक्य मावशींपुढे का अपुरे वाटले, त्याचे कारण हे आहे. तत्त्व सर्वांसाठी आहे. त्याचे फळ मात्र ऐपतीप्रमाणे वाटले जाते.

तरीही मावशींचा संताप जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. संतापाला पुरावा लागत नाही, शिक्षेला लागतो. जुन्या करारातील दानिएलाच्या ग्रंथात सुसान्नेची कथा आहे. तिच्यावर आरोप करणारे दोघे वडीलधारे होते, लोकांचे न्यायाधीश होते, समाजात मानमरातब असलेले होते. लोकसमुदायाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून त्या निष्पाप स्त्रीला मृत्युदंड सुनावलाही होता. तरुण दानिएल पुढे झाला, त्याने दोघांना वेगवेगळे केले आणि प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारला: हे कोणत्या झाडाखाली घडले? दोघांनी दोन झाडे सांगितली. उलटतपासणीचे इतके निर्मळ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. बचावाचा वकील नसता, तर त्या दिवशी समाजाने एकमुखाने अन्याय केला असता.

पवित्र सभेनेही हे तत्त्व स्वतःच्या कारभारात पाळले. संतपदाच्या चौकशीत उमेदवाराविरुद्ध आक्षेप मांडण्यासाठी १५८७ मध्ये एक अधिकारी नेमण्यात आला. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणू लागले. प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी सुमारे वीस वर्षे हे काम केले आणि पुढे १७४० मध्ये तेच पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. संतांच्या पुण्याईवर बोट ठेवणाऱ्या या माणसाला कोणी श्रद्धाहीन ठरवले नाही. तेथे बोलत होते ते पद. ते पद सत्यासाठीच निर्माण केले होते.

मग मर्यादा कोठे आखायची? नीतिशास्त्रात हा प्रश्न नवा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात वकिलांसाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. जाणूनबुजून अन्याय्य बाजू लढवणारा वकील गंभीर पाप करतो आणि त्यामुळे दुसऱ्या पक्षाचे जे नुकसान झाले असेल ते भरून देण्यास तो बांधील असतो, असे त्यांचे मत होते. एखाद्या वैद्याने असाध्य रोग्यावर उपचार केले तर त्यात कोणाचे नुकसान होत नाही. अन्याय्य बाजू लढवणारा वकील मात्र समोरच्या माणसाचे नुकसान करतो, हा फरक त्यांनी दाखवला. बाजू अन्याय्य आहे हे मध्येच कळले तर काय करावे? अशीलाची गुपिते विरोधकाला देऊन दगा करू नये. परंतु बाजू सोडून द्यावी, किंवा समोरच्याचे नुकसान न होता तडजोड करण्यास अशीलाला राजी करावे, असे ते सुचवतात.

पुढील नीतिशास्त्रकारांनी यात एक महत्त्वाचा भेद केला. जमिनीच्या दाव्यात वकील अशीलाला दुसऱ्याची मालमत्ता मिळवून देऊ पाहतो. फौजदारी खटल्यात तो आरोपीला काही मिळवून देत नाही. राज्यसंस्थेने आरोप सिद्ध केला आहे काय, एवढेच विचारतो. म्हणून दोषी माणसाचाही प्रामाणिक मार्गांनी बचाव करणे पाप नाही. या भेदाने अनेक वकिलांची सद्सद्विवेकबुद्धी निश्चिंत झाली. परंतु पांढरपेशा गुन्ह्यात हा भेद पुरेसा टिकतो काय? येथे खटला फौजदारी असला, तरी त्याच्या पोटात एक दिवाणी प्रश्न असतो: पैसे कोठे आहेत? आरोपी सुटला आणि पैसेही त्याच्याकडेच राहिले, तर वकिलाने केवळ स्वातंत्र्याचे रक्षण केले असे म्हणता येत नाही. त्याच्या कौशल्याने मावशींची ठेवही कायमची गेली. म्हणून अशा खटल्यांत अक्वायनसांचा जुना, कठोर प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

काही दिवसांनी त्या वकीलसाहेबांची माझी भेट झाली. मावशींचे नाव न घेता मी विषय काढला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी माझ्या अशीलाला साव म्हणत नाही. सरकारला विचारतो, सिद्ध केलंत का? सरकारी वकील असताना कच्च्या तपासावर मीच चिडायचो. पंचनामा अर्धवट, पंच नेहमीचे, हिशेब तपासलेले नाहीत. तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही. आता कोर्टात विचारतो, तेव्हा ऐकावं लागतं."

उत्तर खोटे नव्हते. मी आणखी एक प्रश्न विचारला: "आणि तारखा?"

ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "दोनदा मागितली. गरज नव्हती. त्या दिवशी म्हातारे साक्षीदार आले होते."

त्या म्हाताऱ्या साक्षीदारांमध्ये मावशी होत्या. सिन्नरहून एसटीने येऊन त्या दिवसभर बाकावर बसल्या आणि संध्याकाळी तशाच परत गेल्या. हे मला ठाऊक होते; त्यांना बहुधा नव्हते. मी सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विषय बदलला.

माझ्या मते खरी नैतिक सीमारेषा येथे आहे. वकिलाने कोणाचे वकीलपत्र घेतले यापेक्षा ते कोणत्या साधनांनी चालवले, हे अधिक महत्त्वाचे. दानिएलाची उलटतपासणी खोटेपणा उघडा पाडते. तेच हत्यार वापरून खरे बोलणाऱ्या वृद्धेला गोंधळवता येते. तहकुबी ही कधी कधी न्यायाची गरज असते. परंतु साक्षीदार थकावा, मरावा किंवा फितूर व्हावा म्हणून मागितलेली तारीख ही चोरी आहे. ती दुसऱ्याच्या उरलेल्या आयुष्याची चोरी आहे. तहकुबीवर कायद्याने मर्यादा घातली आहे, तरी कायद्याला पळवाट असते. विवेकाला नसते.

विलंबाचा घाव कोणा एकालाच बसतो असेही नाही. आपल्या नाशिकरोडचेच उदाहरण घ्या. भारत प्रतिभूती मुद्रणालयातून बाद झालेली यंत्रे मिळवून अब्दुल करीम तेलगीने बनावट मुद्रांकांचा प्रचंड व्यापार उभारल्याचे तपासात पुढे आले आणि या शहराचे नाव देशभर झाले. २००६ व २००७ मध्ये त्याला प्रदीर्घ कारावासाच्या शिक्षा झाल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो बंगळूरच्या रुग्णालयात मरण पावला. मात्र त्याच्यावरचा नाशिकचा एक खटला चालूच होता. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नाशिकच्या न्यायालयाने त्या खटल्यात पुराव्याअभावी तेलगीसह इतर सात जणांना निर्दोष ठरवले. मुख्य आरोपी निकाल ऐकायला हयात नव्हता. उरलेल्यांनी कितीतरी वर्षे आरोपाचा डाग अंगावर बाळगला. ते निर्दोष होते असे धरले, तर ही वर्षे त्यांना कोण परत देणार? आणि गुन्हा कोणी तरी केलाच होता असे धरले, तर तो सिद्ध करण्याची संधी कोणी घालवली? कच्चा तपास आणि लांबलेला खटला हे दोघे मिळून अपराध्याला सोडतात आणि निरपराध्याला पिळतात.

सरकारी वकिली सोडून बचावाकडे वळलेला माणूस आपल्याबरोबर तीन गोष्टी आणतो. पहिली, कायद्याचे ज्ञान. ते त्याच्या कष्टाचे आहे आणि कोणासाठीही वापरण्याचा त्याला अधिकार आहे. दुसरी, जुन्या खटल्यांतील गुपिते. ती त्याची नाहीत. ज्या प्रकरणात आपण एका बाजूने काम केले, त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभे राहण्यास व्यवसायाचे नियमही मनाई करतात. तिसरी गोष्ट सर्वांत निसरडी. ती म्हणजे ओळख. तपासी अंमलदार नमस्कार करतो, कारकून फाइल लवकर काढून देतो, नवा सरकारी वकील 'सर' म्हणून उठून उभा राहतो. ही ओळख जनतेच्या सेवेत असताना मिळालेली आहे. ती फीच्या दरात मिसळून विकणे म्हणजे सार्वजनिक ठेवीची अफरातफर होय, मग तिची नोंद कोणत्याही खतावणीत नसो. अशीलावर ज्या गुन्ह्याचा आरोप आहे, तोच गुन्हा वकील निराळ्या नाण्यात करतो.

आणि फीचे काय? वकिलाने मोबदला घेण्यात गैर नाही; काम, परिस्थिती व रीत पाहून माफक फी घ्यावी, असे अक्वायनसही मान्य करतात. परंतु पांढरपेशा गुन्ह्यात एक प्रश्न टाळता येत नाही: ही फी कोणाच्या ठेवीतून येते आहे? अशीलाने वडिलोपार्जित शेत विकून दिली, की मावशींच्या पुंजीतून? सगळ्याच वेळी हे कळणार नाही. पण विचारलेच नाही, तर न कळणे ही सबब राहत नाही.

संत आल्फॉन्स लिगोरी हे नेपल्समधले बुद्धिमान वकील. सोळाव्या वर्षी त्यांनी कायद्याची सर्वोच्च पदवी मिळवली. १७२३ मध्ये एका मोठ्या दाव्यात एक दस्तऐवज त्यांच्या नजरेतून निसटला आणि ते हरले, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी वकिली कायमची सोडली, धर्मगुरू झाले आणि पुढे नीतिशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांची वाट थोर खरी. पण प्रत्येक सज्जन वकिलाने कोर्ट सोडावे असा तिचा अर्थ काढू नये. सगळे सज्जन बाहेर पडले, तर आत कोण उरेल?

येथे मला जक्कय आठवतो. यरीहो शहरातला मुख्य जकातदार, श्रीमंत, लोकांच्या तिरस्काराचा विषय. आजच्या भाषेत पक्का पांढरपेशा आरोपी! प्रभू त्याच्या घरी उतरला तेव्हा जमाव कुरकुरला. मावशींची कुरकूरही त्याच जातीची आहे. ती स्वाभाविक आहे. परंतु कथा तेथे संपत नाही. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि कोणाला फसवले असल्यास चौपट परत करण्याचे कबूल केले. तेव्हा परीक्षा दोन आहेत. जक्कयाच्या घरात कोणीतरी गेलेच पाहिजे, नाहीतर तो झाडावरच राहील. आणि आत गेलेला माणूस बाहेर पडताना घरातून काय निघाले, हेही पाहिले पाहिजे.

वकील हा येशू नव्हे आणि प्रत्येक आरोपी जक्कय नव्हे. जो खरोखर निर्दोष आहे, त्याने काहीच परत करायचे नसते. मात्र ज्याला आपला अपराध ठाऊक आहे, असा आरोपी बायकोला, मुलांना, धर्मगुरूंनाही सांगणार नाही ते पुष्कळदा वकिलाला सांगतो. त्या बंद खोलीत 'सुटाल कसे' याबरोबरच 'परत किती करता येईल' असे विचारण्याची संधी फक्त वकिलालाच असते. कायदाही त्यासाठी वाट ठेवतो. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेल्या कायद्यान्वये मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटता येते. २०१६ साली वसईशी संबंध असलेल्या मैत्रेय समूहाविरुद्ध नाशिकमध्ये गुन्हा नोंदला गेला, तेव्हा न्यायालयाच्या देखरेखीखाली एस्क्रो खाते उघडून ठेवीदारांचे पैसे परत देण्याचा प्रयत्न येथे झाला. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे आणि सर्वांचे सर्व पैसे आले असेही नाही. पण शिक्षेची वाट न पाहता परतफेड सुरू होऊ शकते, हे यातून दिसले. अशा परतफेडीला अडवणारा वकील आणि तिला वाट करून देणारा वकील, दोघेही बचावाचेच वकील असतात. त्यांच्यातले अंतर मात्र मोठे आहे.

या हकिगतीचा शेवट मला कल्पना नव्हती अशा ठिकाणी झाला. उन्हाळ्यात मावशी पुन्हा भेटल्या, या वेळी घाबरलेल्या. त्यांचा भाचा त्याच पतसंस्थेचा पिग्मी एजंट होता. रोज दुकानोदुकानी फिरून तो पैसे गोळा करी आणि कमिशनवर घर चालवी. वरचे काय करतात हे त्याला ठाऊक नव्हते, असे तो म्हणत होता. आता पोलिसांची नोटीस त्याच्या हाती होती आणि ज्या दुकानदारांकडून त्याने पैसे घेतले, ते त्याला रस्त्यात अडवत होते. मावशींनी खाली पाहत विचारले, "चांगला वकील कोण आहे हो?"

मी त्यांना त्याच वकीलसाहेबांकडे नेले. त्यांनी शांतपणे सगळे ऐकले. संचालकाचे वकीलपत्र घेतले असल्याने भाच्याचे घेता येणार नाही. दोघांचे हित एकमेकांविरुद्ध जाऊ शकते, असे त्यांनी सांगितले आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कसा करायचा ते समजावले. मग भाच्याला एवढेच म्हणाले, "काय घेतलंस, काय भरलंस, सगळ्याचा हिशेब लिहून काढ. खाडाखोड करू नकोस." निघताना ते मावशींकडे वळले. "मावशी, पुढच्या तारखेला तुमची साक्ष आहे. माझ्याकडून तहकुबी मागितली जाणार नाही."

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांचे पैसे अजून मिळालेले नाहीत आणि संचालकाचा खटला चालू आहे. परंतु पुढच्या तारखेला त्या सिन्नरहून आल्या, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांची साक्ष त्याच दिवशी पूर्ण झाली. वकीलसाहेबांनी त्यांना बरेच प्रश्न विचारले. काही कठीणही होते. एकही प्रश्न त्यांचा अपमान करणारा नव्हता, असे मावशींनी स्वतः मला सांगितले.

पवित्र आत्म्याला आपल्या मराठी बायबलात 'कैवारी' म्हटले आहे. कैवार घेणे हे पवित्र काम आहे; मात्र कैवार माणसाचा घ्यायचा असतो, त्याच्या लुटीचा नव्हे. मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर इतकेच आहे. काल चोराला चोर म्हणणारे तोंड आज 'सिद्ध करा' म्हणू शकते आणि रविवारी ख्रिस्तप्रसादासाठीही उघडू शकते. मधल्या सहा दिवसांत कोर्टात त्याने काय मागितले आणि काय मागायचे टाळले, ते मात्र त्याचे त्यानेच वेदीपाशी जाण्यापूर्वी आठवावे.